विशाखानं पोचवलेले निरोप

हर्सूलच्या त्या घरात राजकुमार वरच्या पत्र्याच्या खोलीत राही आणि करुणा खाली. नवरा-बायकोचं बोलणं बंद होतं. जे काही सांगायचं ते अकरा वर्षांची विशाखा जिन्यावरून वर-खाली नेत असे.

चिकलठाण्याच्या कारखान्यातून आला की राजकुमार बूट काढता काढता म्हणायचा, "तुझ्या मम्मीला सांग, तिच्या हातचं खाण्यापेक्षा क्यांटीनमधलं बरं."

विशाखा खाली येऊन सांगायची, "पप्पा म्हणले, तू दमतीस, डबा राहू दे."

"म्हणावं, कारखान्यातच जेवा आन् तिकडंच झोपा बी," करुणा म्हणायची.

वर पोचेपर्यंत त्याचं "मम्मी म्हणली, नीट जेवत जा" असं झालेलं असे.

जिन्याच्या वळणावर थांबून ती वाक्य बदलायची. वाईट शब्द पोचलेच नाहीत तर घर मोडणार नाही, असं तिनं धरून ठेवलं होतं. नखं कुरतडून बोटांतून रक्त यायचं. वर्गात बाईंनी विचारलं की उत्तर येत असूनही तोंड उघडत नसे. बाईंनी करुणाला बोलावून सांगितलं. करुणा म्हणाली, "घरी तर लई बोलती."

दिवाळीनंतर करुणानं जालन्याला माहेरी कायमचं जायचं ठरवलं, म्हणून बैठक बसली. राजकुमारचे चुलते मोतीराम आले, करुणाची आई लीलाबाई आली. विशाखा जिन्यात बसून ऐकत होती.

"जायचंच होतं तर आजवर का राहिली?" मोतीरामनं विचारलं.

"तुमच्या पुतण्यानं माफी मागितली म्हणून," लीलाबाई म्हणाली.

"माफी? मी?" राजकुमार उसळला. "मी म्हणलो होतो, दार उघडंच हाय, जा. उलट हिचाच निरोप आला, तुमच्याबिगर करमत नाय म्हणून."

करुणा हसली. "तुमच्याबिगर? मला?"

दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. मग दोघांनीही जिन्याकडं पाहिलं.

"खोटारडी," राजकुमार म्हणाला. "येड्यात काढलं पोरीनं आपल्याला."

"मला वाटलंच होतं, तुम्हाला इतकं गोड बोलाया कुठलं येतंय. पण हिला हे शिकवलं कुणी?"

"मोबाईल. दुसरं काय?"

"मोबाईलच," करुणा म्हणाली.

मोतीरामनं मांडीवर थाप मारली. "बोलले बघा! लीलाबाई, बोलले की नाय? चहा ठेवा आता." मग त्यांनी विशाखाला जवळ बोलावलं. "तुला काय सांगायचंय का, बाई?"

विशाखानं विचारलं, "कुणाला सांगू?"

"बघा, अजून उलट बोलती," करुणा म्हणाली.

चहा होईपर्यंत निकाल लागला. करुणा इथंच राहील. वळण लागेपर्यंत पोरगी आजीकडं जालन्याला जाईल, तिथल्या शाळेत नाव घालू.

सोमवारी सकाळी दारात पिशव्या बांधून तयार होत्या. लीलाबाई रिक्षाची वाट बघत होती.

"स्वेटर टाकलं का हिचं?" राजकुमारनं विचारलं.

"टाकलं. चपला राहिल्या, तेवढ्या आणा."

त्यानं चपला आणून दिल्या. करुणानं त्या पिशवीत कोंबल्या. विशाखा मध्ये उभी होती आणि दोघं तिच्या डोक्यावरून बोलत होते.