साबण लावताना बोलायचं नाही

फोन वाजला तेव्हा मेस्त्रींचा कुंचला नवव्या दगडावर होता. चोविसातला नववा. मी मोजत होते, कारण मेस्त्रींचा साबण लावून होईपर्यंत आमच्या कारखान्यात कुणी शिंकतसुद्धा नाही.

कारखाना म्हणजे काय, इक्वादोरमधल्या आमच्या गुआलासेओ गावात नदीकाठी पत्र्याची शेड. मेस्त्री, म्हणजे डॉन असेन्सियो किश्पी, खऱ्या दगडांवर रबर ओतून साचे काढतात, आणि मी त्या साच्यांत काँक्रीट ओतून खोटे दगड काढते. पातळ, भिंतीला चिकटवायचे. गावातली अर्धी पोरं न्यूयॉर्कला. तिथून इथं घरं बांधतात, आणि घराचं तोंड दगडी पाहिजे म्हणतात. राहायला कुणी येत नाही, पण तोंड आम्ही झकास देतो.

रबर ओतायच्या आधी खऱ्या दगडाला पातळ साबण पुसावा लागतो. नाहीतर रबर धरतं ते धरतंच, ओढलं की दगडाचं कातडं घेऊन येतं. आणि साबण वाळला की दिसत नाही. कुठल्याला लागला, कुठला राहिला, ते फक्त लावणाऱ्याच्या डोक्यात. म्हणाल, परत सगळ्यांना लावून टाका. दुसरा हात दिला की बारीक खवले बुजतात, दगडाचं तोंड दाढी केल्यासारखं होतं. म्हणून नियम, साबण लावताना बोलायचं नाही. एकदा मी नुसतं विचारलं होतं, "मेस्त्री, मोते वाढू का?" त्या मक्याच्या वाडग्यापायी आख्खा साचा गेला. सहा महिने ऐकवत होते, "ही बाई जेवायचं विचारून माणसाला मारते."

त्यात हे चोवीस दगड उसने. दोन्या रोसाउरा, म्हणजे रोसाउराबाई, हिच्या आजोबांनी रचलेली भिंत रस्त्यात गेली. मुलं म्हणाली, नव्या घराला तेच तोंड पाहिजे. म्हातारीनं चांगले चांगले निवडून आणले, बाळंतिणीनं पोर आणावं तसे.

"साचा घ्या, पण ओरखडा न येता परत द्या. माझ्या भट्टीच्या तोंडाला बसवायचेत."

"दोन्या, तीस वर्षांत एकच दगड चिकटलाय माझा," मेस्त्री म्हणाले. "तोही हिच्या मोतेपायी."

तर फोन. साबणाच्या वेळी मेस्त्रींचा फोन माझ्या खिशात असतो. नंबर अनोळखी. मी वाळूच्या ढिगामागं पळाले.

"टार्गेलिया मावशी? क्लेवर बोलतोय."

मेस्त्रींचा एकुलता एक. एकोणीस वर्षं झाली जाऊन, तीही कागदाशिवाय. दर रविवारी त्याचा फोन यायचा. गेले तीन रविवार आला नव्हता. मेस्त्री फोन दिवसभर चार्जिंगला लावून ठेवायचे.

"मेल्या, आहेस कुठं तू?"

"आत आहे मावशी. कामावरनं उचललं. तीन मिनिटं दिलीत बोलायला. बाबा कुठं आहेत?"

"साबण लावतायत."

तो हसला. एकोणीस वर्षांनीही बापासारखंच, नाकातनं.

"कितवा?"

"अकरावा असेल. थांब, बोलावते त्यांना. खड्ड्यात गेला साबण."

"नको नको. दगड कुणाचे?"

"रोसाउराच्या भिंतीचे."

"मग तर नकोच. त्यांना सांगा, मला परत पाठवतायत. गुरुवारी विमानानं ग्वायाकीलला उतरवणार. हातात काही नाही माझ्या, तेही सांगा." मग म्हणाला, "मावशी, फोन त्यांच्याजवळ धराल? मी बोलणार नाही."

मी चपला काढल्या. पाय न वाजवता मेस्त्रींच्या पाठीमागं जाऊन उभी राहिले आणि फोन पुढं धरला. कुंचला खरखरत होता. फेसाचा बुडबुडा आला की मेस्त्री 'फू' करत होते. मधेच गुडघा कडकन वाजला. तिकडून नुसता श्वास येत होता. कुंचला एकदा थांबला असं मला वाटलं. मग परत चालू. मग फोनमध्ये टुक झालं आणि श्वास गेला.

मेस्त्रींनी मान वळवली नाही. चोविसावा झाला, कुंचला धुतला, टांगला, तेव्हा म्हणाले, "बोल."

मी सगळं सांगितलं.

"गुरुवारी?"

"गुरुवारी. हातात काही नाही म्हणाला."

"हात आणतोय ना बरोबर? चल, रबर कालव. ऊन चाललं."

दुसऱ्या दिवशी साचा सोडवायला घेतला तेव्हा दोन्या रोसाउरा येऊन उभीच होती. मेस्त्रींनी रबराची कड धरली आणि घडी उलगडावी तसं सोलत निघाले. एकेक दगड चक् करून सुटत होता. दहावा सुटला. अकरावा, बारावा.

तेरावा सुटेना. रबर ताणलं, ताणलं, आणि फाटताना दगडाचा सगळा चेहराच घेऊन वर आलं. खाली पांढरा, सोललेला दगड.

दोन्यानं तोंडावर हात ठेवला. मी पुढं झाले. "दोन्या, चूक माझी आहे. मीच काल फोन..."

मेस्त्रींनी मला हातानं गप्प केलं. टोपी काढली.

"चूक माझी आहे दोन्या. पोराशी बोलत होतो."

म्हातारी त्या दगडाकडे बघत राहिली. तिचीही तीन पोरं तिकडंच. तिनं विचारलं, "काय म्हणाला?"

"बरंच काही," मेस्त्री म्हणाले, आणि चौदाव्याला हात घातला.