सातवा ठोकळा

बाईंनी उभ्या आयुष्यात तंबाखूला हात लावला नव्हता, आणि तरी साठी उलटल्यावर त्यांना पाइपचं वेड लागलं. निमित्त झालं मोडक्या खुर्चीचं. तिचा पाय चिकटवून घ्यायला त्या गल्लीतल्या एका दुकानात शिरल्या, तर आतला कारागीर पाइपसाठी झाडाच्या मुळाच्या गाठीचा एक ठोकळा घासत बसला होता. ओल्या फडक्याने त्याने तो पुसला मात्र, आणि लाकडातल्या रेषा ज्वाळांसारख्या भसकन वर आल्या. खुर्ची तिथेच राहिली. अजूनही तिथेच आहे, तीन पायांवर.

चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या बाई आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान माणसाला ‘मास्तर’ म्हणू लागल्या. मास्तरांचा नियम सरळ होता. शिकणाऱ्याला ठोकळे सात. झालेला प्रत्येक पाइप समोरच्या दुकानातल्या घड्याळजींकडे तपासायला जाणार. त्यांनी तो एकाच काडीवर, मध्ये न विझता, तळापर्यंत ओढला तर त्यावर स्वतःचा शिक्का मारायची परवानगी. सातव्यातही जमलं नाही तर हात जोडून निरोप. अशी गाठ जमिनीत चाळीस-पन्नास वर्षं वाढते, ती कुणाच्या हौसेपायी भुशात घालवायची नाही, असं मास्तरांचं म्हणणं.

बाईंनी दुसऱ्याच दिवशी शिक्का करवून आणला. बोटभर लांबीचा, पोलादी, टोकाला समभुज त्रिकोण.

“पाइपचा पत्ता नाही आणि शिक्का तयार?” नवरा म्हणाला. “गुडघ्याला बाशिंग म्हणतात ते हेच.”

“तुम्ही चहा प्या,” बाई म्हणाल्या.

पहिला पाइप बाईंनी तीन आठवडे घासला. तंबाखू भरायची वाटी गोल, दांडी सरळ, तोंडात धरायची काळी नळी आरशासारखी. घड्याळजींनी तो ओढला आणि घड्याळाच्या पावतीमागे शेरा लिहून पाठवला: ‘पाइप आहे की शिट्टी?’

बाईंचं डोकं फिरलं. ‘काळजीपूर्वक करा’ असा शेरा त्यांनी हजारो वह्यांवर मारला असेल, पण तो वाचणाऱ्याला कसा लागतो हे त्यांना आज कळत होतं. तिसऱ्या दिवशी उठल्या, कपाटातलं लाल पेन काढलं, पावतीवर ठसठशीत अक्षरात ‘कारण द्या’ असं लिहिलं आणि ती घड्याळजींना परत पाठवली.

आयुष्यात घड्याळजींकडे कुणी कारण मागितलं नव्हतं. संध्याकाळी पावती आली ती दोन्ही बाजूंनी भरून. दांडीतलं भोक अरुंद, नळीतलं रुंद, जोड जिथे आहे तिथे हवा अडखळते, म्हणून शीळ वाजते. खाली तळटीपसुद्धा होती. बाईंनी समासात बरोबरची खूण केली आणि दुसरा ठोकळा हातात घेतला.

मग काय, गाडी सुटलीच. दुसऱ्याचा शेरा: ‘तळाशी तंबाखू ओला. कारण: भोक तळाच्या वर निघालंय.’ तिसऱ्याचा: ‘जड. कारण: मान दुखली.’ घरभर भुसा झाला. उशीत भुसा, नवऱ्याच्या चष्म्यावर भुसा. नवऱ्याने तक्रार म्हणून केली नाही. पहिला नापास पाइप ढापून तो बाल्कनीत साबणाचे फुगे सोडायला लागला, आणि त्यातून शीळही वाजते म्हणून भलताच खूश झाला.

चौथ्यापासून मात्र घोडं एकाच जागी अडलं. ‘नळी तोंडात सरकते. कारण: माहीत नाही.’ पाचवा: ‘सरकते.’ सहावा: ‘अजून सरकते. काडी तीनदा ओढावी लागली.’ भोकं बरोबर, वजन बरोबर, नळी बाईंनी जाड करून पाहिली, पातळ करून पाहिली. मास्तरांनी तिन्ही पाइप स्वतःच्या दातांत धरले. एकही हलला नाही.

“बाई, आता एकच ठोकळा उरला,” मास्तर म्हणाले. त्यांनाही वाईट वाटत होतं.

त्या दुपारी बाईंनी सहाही पाइप टेबलावर मांडले आणि भिंग घेऊन बसल्या. घड्याळजींचे दात प्रत्येक नळीवर उमटले होते. उजवीकडे खोल खूण. डावीकडे काहीच नाही! सहाही नळ्यांवर तेच. बाई ताडकन उठल्या, नवऱ्याच्या मनगटावरचं चांगलं चालणारं घड्याळ काढून घेतलं आणि घड्याळजींकडे गेल्या.

“हे मागे पडतंय,” त्या धडधडीत खोटं बोलल्या.

घड्याळजींनी ते कानाला लावलं आणि हसले. “काय बाई, ठणठणीत आहे की!” त्या हसण्यात बाईंना हवं ते दिसलं. वरचे डावीकडचे दोन दात गायब.

बाई घरी आल्या त्या जवळजवळ उड्या मारतच. कंपासपेटी निघाली, कर्कटकाने खुणांची मापं घेतली गेली, कागदावर कोन पडले. सातव्या पाइपची नळी त्यांनी डावीकडे जाड ठेवली, कडेला बारीकसा कंगोरा काढला, आणि सगळी अशी तिरकी घासली की बघणाऱ्याला वाटावं, बाईंचा हात सुटला.

मास्तरांनी पाइप तपासला. भोकातून तार घातली, ती सरळ तळाला लागली. मान डोलावली, नळी दातांत धरली, आणि पाइप गर्रकन फिरून त्यांच्या पायावर पडला.

“बाई! हे काय?”

बाईंनी सगळं सांगितलं. दात, खुणा, कोन, घड्याळाची थाप.

“म्हणजे तुम्ही पेपर फोडलात!” मास्तर म्हणाले.

बाई गारच पडल्या. चौतीस वर्षं त्यांनी कॉपी पकडली होती, आणि आज या वयात त्यांच्यावरच ही पाळी.

“हा पाइप जगात एकाच माणसाच्या तोंडात बसेल. अशाला मी शिक्का देणार नाही,” मास्तर पाय चोळत म्हणाले.

“नका देऊ,” बाई म्हणाल्या. “पण ओढू तर देत त्यांना.”

पाइप समोर गेला. दोघं दुकानाच्या काचेशी उभी राहिली. घड्याळजींनी एक काडी ओढली, पाइप दातांत धरला, एक क्षण थबकले, आणि दोन्ही हातांनी कुणाचं तरी घड्याळ उघडून कामाला लागले. हात लावावाच लागला नाही पाइपला! त्यांच्या भिंतीवरच्या सगळ्या घड्याळांत पाच मिनिटं झाली, वीस झाली, पन्नास झाली. बाईंनी मास्तरांची बाही केव्हा धरली ते दोघांनाही कळलं नाही. शेवटी धूर संपला. राख झाडली गेली, बारीक, कोरडी. पावती मात्र येईना. पाइपही येईना.

मास्तर रस्ता ओलांडून गेले आणि चिठ्ठी घेऊन परतले. त्यांनी ती वाचली होती, हे चेहऱ्यावरून दिसतच होतं.

‘पाइप परत मिळणार नाही. कारण: दात गेल्यापासून अकरा वर्षांत पहिल्यांदा दोन्ही हात मोकळे राहिले.’

मास्तरांनी ती पुन्हा एकदा वाचली. मग हातोडी उचलून बाईंच्या हातात दिली.

घड्याळजी शिक्क्यासाठी पाइप सोडायला तयार नव्हते. वाटी त्यांनीच घट्ट धरून ठेवली, मास्तरांनी दांडी टेकवली, आणि बाईंनी टोला हाणला. नवरा दारात उभा राहून फुगे सोडत होता.

घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं, दांडी निरखली आणि पावतीपुस्तक पुढे ओढलं.

‘त्रिकोण तिरका,’ त्यांनी लिहिलं. ‘कारण: मारताना बाई हसत होत्या.’