पुढच्या स्प्रिंगा

आरटीओ साहेब, तुम्ही इंजिनाचा नंबर पाहिलात, शिक्का मारलात आणि निघून गेलात. गाडीखाली वाकायचे कष्ट काही तुम्ही घेतले नाहीत.

बाबांच्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारमध्ये मी दुसरं इंजिन बसवलं. ते आधीच्यापेक्षा नव्वद किलोंनी जड आहे. पुढच्या स्प्रिंगा मात्र जुन्याच, कारण इंजिन बदलायच्या तुमच्या परवान्यात लिहिलंय की सस्पेन्शन मूळचंच हवं, बदललं तर परवाना रद्द.

काल ताई चालवत होती, मी शेजारी होतो. वळणावर तिनं ब्रेक दाबला तशी गाडी नाकावर बसली आणि टायर मडगार्डला घासला. जळक्या रबराचा वास आला. रविवारी ती एकटी घाट उतरून लेकीकडे जाणार आहे.

"तोंडावर बारा वाजलेत तुझ्या," ताई म्हणाली. "बाबांनी तीस वर्षं पळवली हीच गाडी."

"तेव्हा पुढे एवढं ओझं नव्हतं, ताई."

"मग घाल की नव्या स्प्रिंगा."

"गाडी जप्त करतील."

"आणि नाही घातल्यास तर मी जिवानिशी जाईन. ठरव बाबा काय ते."

कडक स्प्रिंगांची जोडी आणून आठवडा झाला. त्या बसवायच्या परवानगीसाठी फोन केला की तुमचा कारकून सांगतो, फाइल साहेबांकडे आहे. ताई ऐकणारी नाही, म्हणून मी पुढची दोन्ही चाकं काढून माझ्या पलंगाखाली ठेवली आहेत.

जड इंजिन चालतं, मग ते पेलणारी स्प्रिंग का चालत नाही? रविवारच्या आत लेखी सांगा.