लाल कणांचा अंगरखा

मृणालीचे कण तेलकट द्रावणात लालभडक चमकत. जांभळा दिवा धरला की बाटलीत निखारा ठेवल्यासारखं वाटे. नजरेला न दिसणारे हे कण जिवंत शरीरात सोडून रक्ताच्या वाटा पाहायच्या, हे तिचं रत्नागिरीच्या कॉलेजातलं संशोधन. पण कणांत कॅडमियम, म्हणजे विषच. शिवाय पाण्यात गेले की त्यांच्या गुठळ्या होत. म्हणून प्रत्येक कणाला पॉलिमरचा अंगरखा चढवायचा; आतून तेलाला धरणारा, बाहेरून पाण्यात मिसळणारा.

पहिल्या खेपेला अंगरखा टिकला नाही. कण टोचलेली, तांदळाच्या दाण्याहून लहान अशी माशांची चाळीस पिल्लं सकाळी भांड्याच्या तळाशी पांढरी पडलेली. मृणाली हर्णेला घरी निघून गेली आणि आठ दिवस परतली नाही.

परतली ती हट्टानेच. पॉलिमरचे धागे नुसते गुंडाळून भागणार नव्हतं. ते एकमेकांत बांधायला हवे होते. त्यात चार महिने गेले.

नवे कण पिल्लांना टोचल्याचा पाचवा दिवस होता. तिची आई दमयंती हर्णेच्या बंदरावर मासळी विकायची. चष्म्याच्या कामाला शहरात आली होती, ती कॉलेजात डोकावली. भांड्यातली पिल्लं सुळसुळ पळत होती.

"यांच्या अंगात विष हाय म्हणालीस ना गो?"

"आहे आये. पण बाहेर येत नाही."

मृणालीने गुंगी दिलेलं एक पिल्लू मायक्रोस्कोपखाली ठेवलं. "बघ."

दमयंतीने नवा चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकली. काचेसारख्या अंगात रक्ताच्या वाटा लाल धाग्यांसारख्या उजळलेल्या. धागे वाहत होते. मधे मोहरीहूनही बारीक काळीज मिटत होतं, उघडत होतं.



"जन्मभर मासळी कापली," ती पुटपुटली, "काळीज हाताला लागायचं. चालताना कधी बघितलं नाय गो बाय."

मृणालीने डोळा लावला. चार महिने ती मेलेली आणि जगलेली पिल्लंच मोजत आली होती. आज तिने मोजलं नाही. एवढ्याशा जिवात, कुणी न पाहता, हे असं अखंड चाललेलं!

"सरक," आई म्हणाली, "मला परत बघू दे."