अनंताच्या कुंडीतले खिळे

खिळा जसाच्या तसा निघाला. गंजलेला, बोटभर लांब, महिन्यापूर्वी कुंडीत खुपसला होता तसाच — आणि वर अनंताची नवी पानं मात्र आणखी पिवळी, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या... घ्या! असे अकरा खिळे पुरलेत. झाडाला लोह कमी पडतंय, लूमचं भंगार पुरा, असं शेजारच्या केसरीनाथनं छातीठोकपणे सांगितलं आणि आपल्या बंद यंत्रमाग कारखान्यातून पिशवीभर आणूनही दिलं. ज्याला त्याला अक्कल फार. अवधूतरावांनी खिळा अंगणात भिरकावला.

आत माई, त्यांची बायको, कण्हली. जेवण झालं की तिच्या पोटात कळ येते, पित्ताशयातल्या खड्यांची, आणि ऑपरेशन काही होत नाही, कारण हिमोग्लोबिन दहाच्या वर गेल्याशिवाय डॉक्टर भूल द्यायला तयार नाहीत. तीन महिने झाले. आठाचं झालं आठ पूर्णांक दोन! अरे, मी काय कमी करतोय? पंचायत समितीत बत्तीस वर्षं टपाल वेळेवर काढलेला माणूस मी, एक गोळी चुकवलेली नाही — सकाळी सातच्या ठोक्याला लोहाची गोळी, आणि लगेच वर कपभर कडक चहा, कारण नुसती गोळी दिसली की ही बाई तोंड फिरवते. डॉक्टर म्हणाले होते रिकाम्या पोटी द्या. रिकाम्या पोटीच देतो. चहानं काय पोट भरतं? आणि लग्नानंतर पहिल्याच वर्षी तिनं अकलोलीहून, माहेरच्या परसातून आणलेली ही अनंताची फांदी... तीही आताच पिवळी पडायची होती.

पिवळं पान खिशात घालून ते रिक्षानं कोन गावच्या नर्सरीत गेले. रस्ताभर मानकोलीकडे निघालेले कंटेनर, हॉर्न, धूळ. तिथल्या महादूनं खिळ्यांची हकीकत ऐकून घेत पान उजेडात धरलं.

"लोखंड हाय हो काका, मातीत रग्गड हाय. पन झाडाला घेता येत न्हाय. चुना कुनी टाकला?"

चुना... गणपतीच्या आधी कुंड्यांना चुना-गेरू लावला होता. उरलेली अर्धी बादली, मुंग्या नकोत म्हणून, अनंताच्या बुडाशी ओतली होती. माईचा लाडका म्हणून मुद्दाम त्याच्याच. आता ह्याला काय सांगणार, कपाळ!

"चुन्यानं लोखंड मातीतच अडकून ऱ्हातं. मग खिळं कितीबी पुरा. वरची माती काढून टाका, आनि ही पावडर पान्यात कालवून पानांवर मारा." महादू पुडी बांधत हसला. "मानसाचंबी तसंच. आमच्या पोरीला, काशीला, नर्सबाईनं दम दिला, गोली घेतलीस का तासभर चहा प्यायचा न्हाय. चहानं लोखंड अंगाला लागत न्हाय. लिंबूपानी घे म्हनाली."

अवधूतरावांनी पैसे दिले. सुटे परत घ्यायचे राहिले.

परतताना रिक्षा वाटेत अडकली, ते बरंच झालं. तीन महिने म्हणजे नव्वद कप... डॉक्टरनं सांगायला काय झालं होतं, तोंड शिवलं होतं का त्याचं? आणि तो औषधवाला, आणि आपल्याच घरातली तनया, इतकी शिकलेली सून, उठसूट मोबाइलवर सगळं वाचत असते... आणि कोण, अवधूता? आलं किसून, वर एक चमचा साखर जास्त घालून कप कोण नेत होतं?

माई पडवीत उशीला टेकून बसली होती. "काय म्हणाला महादू?"

"चुना जास्त झालाय म्हणे."

"कुणी घातला?"

"...मी."

माई हसली, तेवढ्यानंही कळ आली म्हणून पोटाशी हात धरून हसली. "तरी म्हटलं! अहो, तुमच्या हाताला मायाच फार. झाडाला नि मला, दोघांनाही सोसवत नाही. बरं, आता चहा टाका. आलं जरा जास्त घाला."

ते स्वयंपाकघरात गेले. पातेलं घेतलं, पाणी घेतलं. सांगायला हवं, आत्ताच सांगायला हवं — अगं, ऐक... फळीवर गोळ्यांचं पाकीट नीट, चौकोनी ठेवलेलं होतं, त्यांनीच ठेवलेलं. आल्याचा तुकडा हातात धरून ते नेहमीच्या रागाची वाट पाहत उभे राहिले, आणि तो कुणावरच येईना.