तेवीस चाव्यांचा फोटो

पासवर्डमध्ये एक आकडा, एक चिन्ह आणि एक मोठं इंग्रजी अक्षर हवं.

पितळेचा चुरा नखात गेला की चार दिवस निघत नाही.

एकोणीस नंबरच्या दारावर कुत्र्याची पाटी आहे. कुत्रा नाही.

गिऱ्हाइकाची चावी काम संपेपर्यंत फडक्याखाली ठेवायची.

अभिनंदन! तुमची वेबसाइट आता साऱ्या जगाला दिसते आहे.

हे शेवटचं वाक्य सोमवारी सकाळी वाचताना चावीवाली खुर्चीतल्या खुर्चीत उडाली होती. गुरुवारी तेच वाक्य आठवलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वडिलांच्या मागे तीस वर्षं ती हे दुकान चालवत होती. मोठ्या दुकानांच्या इमारतीत एक जण चाव्या कापायचं यंत्र घेऊन बसला तेव्हा दादा म्हणाला, "साइट कर, नाहीतर माशा मार." दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ; दुसऱ्यांना सल्ले देण्याचा त्याला कचेरीत पगार मिळे, बहिणीला तो फुकट देई. साइट मात्र तिने स्वतः केली. अकरा दिवस. हवं ते नाव आधीच कोणीतरी घेऊन बसलेलं. फुकटात मिळालेला नमुना बेकरीचा, आणि त्याच्या माथ्यावरचा तीन मजली केक काही केल्या जाईना. शेवटी कळलं, केक पुसता येत नाही, त्याच्या जागी दुसरा फोटो टाकावा लागतो.

"तुझ्यामागची ती फळी टाक," दादा म्हणाला. "पडदा काढ, मी फोटो घेतो. जिवंत दिसेल."

फळीवर आकडे होते आणि आकड्यांना टांगलेल्या गल्लीतल्या तेवीस घरांच्या जादा चाव्या. कोणी बाहेर अडकलं की धावत इथेच यायचं. प्रत्येक चावीला पितळी बिल्ला, बिल्ल्यावर घर नंबर. त्या फळीपुढचा पडदा वडिलांनी हयातीत कधी उघडा ठेवला नाही. तिने काढला. केक गेला, एवढंच तिला त्या दिवशी दिसलं.

गुरुवारी एकोणीस नंबरच्या मास्तरीणबाई आल्या. चाळीस वर्षं गणित शिकवलेल्या. त्यांनी काउंटरवर पुठ्ठ्याची एक चावी ठेवली, तिच्यावर आपली खरी चावी ठेवली. दात्याला दाता जुळला.

"बाई, हे कोणी…"

"मी. बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा आणि शिवणाची कात्री. तुझा फोटो मोठा केला आणि कापत गेले. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे माझ्या. आता ज्याच्या हातात कानस आहे त्याला किती वेळ लागेल, ते तू सांग. धंदा तुझा आहे."

चार मिनिटं. तिला पक्कं ठाऊक होतं.

"आणि घर शोधायलाही नको," बाई म्हणाल्या. "नंबर तूच दिलायस."

*तुमचा फोटो पुसला गेला आहे.*

पण तिने इंटरनेटवर शोधून पाहिलं तर तो होताच. छोटा, चौकोनी, चाव्यांसकट.

*नमस्कार! मी तुमची मदतनीस. आजचा दिवस कसा चाललाय?*

फोटो अजून दिसतो आहे. घालवा.

*आकर्षक फोटो कसे निवडावेत, यावरचे आमचे पाच सल्ले वाचा.*

घालवा!!

*जुनी प्रत नाहीशी व्हायला काही आठवडे लागू शकतात. या संभाषणाला किती तारे द्याल?*

एक तारा दाबताना तिने माऊस असा आपटला की त्याचं झाकण उडालं.

दादाने फोन उचलला तो हसतच. "साइट पाहिली किती जणांनी? एकेचाळीस. त्यातल्या तीस वेळा तूच. कशाला बोभाटा करतेस?"

"मी घरोघर सांगायला जातेय. सगळी कुलपं बदलून देणार."

"डोकं फिरलंय तुझं? उद्यापासून कुत्रं फिरकणार नाही दुकानात. आपल्या हाताने टाळं लावशील."

"टाळ्याचं मला शिकवू नकोस, दादा."

हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून ती निघाली. पहिल्या घरी बसवून घेतलं, पाणी दिलं. तिसऱ्या घरातली परिचारिका नुकतीच दवाखान्यातली पाळी संपवून आली होती. "घराचा नंबरसुद्धा दिसत होता?" तिने विचारलं.

"हो."

"मी एकटी राहते, माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो."

कुलूप बदलून होईपर्यंत परिचारिका दारातच उभी राहिली, हाताची घडी घालून, नजर चावीवालीच्या मानेवर. नवव्या घरातला म्हातारा म्हणाला, "चावी आम्ही तुमच्या वडिलांच्या हातात दिली होती. तुमच्या नाही." ती गुडघ्यांवर बसली आणि पेचकस असा फिरवला की जुना स्क्रू डोकं तुटून बाहेर आला. राग म्हाताऱ्यावर नव्हता. म्हातारा खरं बोलला होता, आणि खऱ्यावर चिडायला जागाच नसते. मग माणूस स्क्रूवर चिडतो.

बावीस घरांची कुलपं बदलली. एका घराने दारातूनच परत पाठवलं. त्यांनी यंत्रवाल्याला बोलावलं होतं. नवीन चाव्या तिने ज्याच्या त्याच्या हातात दिल्या. एकानेही, "एक तुझ्याकडे राहू दे," असं म्हटलं नाही.

शनिवारी दुपारी दादा दुकानात आला. हातात फोन, चेहरा लाल.

"हे काय लिहून ठेवलंयस 'आमच्याविषयी'मध्ये?"

"घडलं ते. दोन वाक्यांत."

"जगाला ओरडून सांगतेस की आम्ही लोकांच्या चाव्या चव्हाट्यावर मांडल्या? पुसून टाक!"

"नाही."

"माझं डोकं लावून साइट उभी राहिली आणि…"

"बाहेर हो."

"मोठा भाऊ आहे मी तुझा!"

"म्हणून तोंडाने सांगतेय."

त्याने रिकाम्या फळीकडे एकदा पाहिलं. मग गेला.

फोटो घेतला त्या सकाळी, पडद्याची घडी ठेवायला ती आत गेली होती, तेवढ्यात दादाने फळीवरची चोविसावी चावी, आपल्या घराची, काढून खिशात टाकली होती.