शेवटची सोळा पाने

पुस्तकाच्या पाठीला एक भोक होते. मोहरीच्या दाण्याहून लहान, कडेने स्वच्छ, कसरीने पोखरलेले. मार्गशीर्षातले कोवळे, केशरपिवळे ऊन त्यातून आत शिरे, आणि थोडकी पाने ओलांडून थकून थांबे.

चव्वेचाळीस हिवाळे. चव्वेचाळीस वेळा ओटीवर घोंगडी, घोंगडीवर ऊन, उन्हात ते एक पुस्तक. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेल्या मंदाकिनीबाई पानापानांत कडुलिंबाचा पाला घालीत.

खाली खाडीला ओहोटी लागली होती. शिसवी चिखल, रुपेरी पाणी, एका पायावर पेंगलेला बगळा. दिशाच जणू दमल्या होत्या.

गावातल्या पहिल्या वाचनालयाची एक रीत होती. साहसकथा घरी जात, पण शेवटाविना. शेवटची सोळा पाने उसवून कपाटात ठेवत. वाचकाने पुस्तक परत करावे, आणि तिथल्याच बाकावर बसून शेवट वाचावा. बाईंच्या वडिलांनी, अप्पांनी, ही समुद्रसफरीची कादंबरी आणली, वादळापर्यंत वाचली, आणि तापाच्या सातव्या दिवशी ते गेले.

गलबत वादळातच राहिले. पुस्तक परत केले, की अप्पांचे वाचन संपले. पुराव्यावाचून काही न मानणाऱ्या बाईंना ही एक भीती सिद्ध करता आली नाही, खोडताही आली नाही.

पायरीवर वाचनालयाचे पेडणेकर बसले होते. दर हिवाळ्यात ते येत, चहा पीत, रिकाम्या हातांनी जात. आज मांडीवर लाल फडके होते. फडक्यात ती सोळा पाने.

"बाई, पहिल्यांदा हे पुस्तक मागायला आलो तेव्हा मला मिशी नव्हती. आता दात नाहीत."

"चहा टाकते."

"नको. बांधणीवाला दुपारच्या लाँचने चाललाय, त्याआधी शिवून देईल. एवढ्या जुन्या कागदाला सुई लावणारा दुसरा कुणी नाही. आणि ही पानं आणखी एक पावसाळा काढायची नाहीत."

बाईंनी पुस्तक उघडले. वादळाच्या पानात अप्पांनी खुणेला घातलेला माडाचा हीर, झावळीची बारीक काडी, होता. इतकी वर्षे ऊन दाखवताना, पाला बदलताना, तो त्यांनी कधी हलवला नव्हता.

दोन बोटांनी त्यांनी तो हळूच ओढला. कागदावर त्याची रेघ उरली. फिकट, सरळ, दूरच्या किनाऱ्यासारखी.

खाडीतला शेवटचा ओघळ थांबला. थांबला, आणि सावकाश, अगदी सावकाश, आत वळला.

"पेडणेकर," बाई म्हणाल्या. "शिवून टाका. संध्याकाळी येते मी बाकावर बसायला. अप्पांचं राहिलेलं वाचायला."